बिनकागदी माणसाचे कागद

आमचं स्टेटस, म्हणजे अमेरिकेत राहायचा कायदेशीर हक्क, २००९ च्या मार्चमध्ये गेलं. 'गेलं' असंच म्हणतात इथली मराठी माणसं. घरातलं कुणी गेल्यासारखं, आवाज खाली आणून. बाबांची एच-वन-बी या कामाच्या व्हिसावरची नोकरी मंदीत सुटली आणि दुसरी मिळेना. नोकरी सुटल्यावर साठ दिवसांची सवलत देणारा नियम यायला २०१७ साल उजाडायचं होतं. परत जायचं की नाही हे आमच्या घरात कधी ठरलंच नाही. पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणत आम्ही राहिलो. पाच वर्षांनी, २०१४ च्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियातल्या त्याच दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये बसून मी कॉलेजच्या फीसाठी राज्य सरकारकडे मदतीचा अर्ज केला. बसलं तर तासाभराचं काम. मला दीड महिना लागला. त्या दीड महिन्यात, आणि त्यानंतरही, जे कळत गेलं ते असं.

१. सरकार ज्यांना 'कागदपत्रं नसलेले' म्हणतं, त्यांच्या घरात कागदांना पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे सांगलीच्या एका साडीच्या दुकानाची कापडी पिशवी होती. तिच्यात मुदत संपलेली मंजुरीपत्रं, देशात शिरल्याची नोंद असलेले आय-९४ चे पांढरे तुकडे, लशींची कार्डं, भाड्याच्या पावत्या, दरवर्षीचे टॅक्स रिटर्न आणि माझा सातवीचा शाळा सोडल्याचा दाखला. बाबांकडे एच-वनच्या दिवसांतला सोशल सिक्युरिटी नंबर होता, पण त्या कार्डावरच छापलेलं की इमिग्रेशनची परवानगी असेल तरच हे कामाला चालेल. आईला आणि मला एच-फोरवर, म्हणजे बाबांच्या मागून मिळालेल्या कुटुंबाच्या व्हिसावर, तो नंबर मिळालाच नव्हता. आम्हाला कर भरण्यापुरता एक वेगळा नऊ आकडी नंबर, आयटिन. माझ्या वर्गातल्या गोऱ्या मुलांना आपला जन्मदाखला कुठल्या खणात आहे हे माहीत नव्हतं. मला आमच्या डेंटिस्टचं २०१० चं बिलसुद्धा डोळे मिटून काढता आलं असतं.

२. शाळा तुम्हाला इतकं सामावून घेते की आपण बाहेरचे आहोत हे विसरायला होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात निकाल दिला की कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेचं दार बंद करता येणार नाही. त्यामुळे बारावीपर्यंत कुणी काही विचारत नाही. मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचो (वाईट वाजवायचो), गणिताच्या स्पर्धांना जायचो. मग बारावीच्या जानेवारीत काउन्सेलर बाईंनी सगळ्यांना फाफ्सा भरायला सांगितला. फाफ्सा म्हणजे केंद्र सरकारचा आर्थिक मदतीचा अर्ज. मी त्यांच्या टेबलाशी थांबून, कुणी ऐकत नाही ना बघून, माझ्याकडे सोशल नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, तिथे शून्यं टाक. चांगल्या होत्या हो बाई, पण सल्ला साफ चुकीचा. तो अर्ज माझ्यासाठी नव्हताच. मी घरी जाऊन नऊ शून्यं टाकण्याच्या बेतात होतो.

३. मला वाचवलं ते ज्यांना आम्ही घरात 'ते लोक' म्हणायचो त्यांनी. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारी उभी राहणारी मुलगी, आईवडील मेक्सिकोचे, ब्युरेटमधून नजर न काढता म्हणाली, "फाफ्सा नको भरू. आपला ड्रीम ॲक्टचा अर्ज वेगळा असतो." 'आपला' हा शब्द मला आधी चावला. तिला कसं कळलं? मी तर कुणाला बोललो नव्हतो. ती म्हणाली, फाफ्साचं नाव निघालं की सगळा वर्ग कुरकुर करतो आणि तू एकटा गप्प बसतोस.

कॅलिफोर्नियात तीन वर्षं हायस्कूल करून तिथूनच उत्तीर्ण झालेल्या मुलांना राज्यातल्या रहिवाशांइतकीच फी लागावी, हा एबी ५४० कायदा २००१ साली झाला. त्याच मुलांना राज्याची आर्थिक मदतही मिळावी, यासाठी आमदार गिल सेदियो वर्षानुवर्षं विधेयकं आणत राहिले, आणि २०११ च्या ऑक्टोबरात गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यावर सही केली. त्यासाठी किती मुलं आपलं नाव सांगून रस्त्यावर उतरली होती! ती बातमी आमच्या टीव्हीवरही आली असणार. आम्ही चॅनल बदललं असणार, कारण असल्या बातम्या लागल्या की बाबा रिमोट शोधायचे. दुसऱ्यांनी शिजवलेल्या पंगतीत मी आयता येऊन बसलो, आणि तेही शेजारच्या पानावरची मुलगी सरकली म्हणून.

४. एखादी परीक्षा किती महाग पडू शकते याचा अंदाज सांगलीत कुणाला येत नाही. बाबा २००७ च्या जानेवारीतच इकडे आले होते. मी आणि आई मागे राहिलो, कारण मला सातवीच्या स्कॉलरशिपला बसायचं होतं. शिक्षकांची फार आशा होती. बसलो, थोडक्यात हुकली, आणि २००८ च्या मे महिन्यात आम्ही विमानात बसलो. पुढे २०१२ साली राष्ट्राध्यक्ष ओबामांनी डाका आणलं, म्हणजे लहानपणी आलेल्या मुलांना हद्दपारीपासून अभय आणि कामाचा परवाना. त्यात एक अट होती: १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत असलं पाहिजे. न मिळालेल्या स्कॉलरशिपपायी अकरा महिने चुकले. आई अजूनही हे गणित माझ्यासमोर करत नाही; मी मात्र पार्टीत विनोद म्हणून सांगतो, आणि कुणी हसत नाही.

५. अर्ज भरताना लाज स्टेटसची वाटेल अशी मी मनाची तयारी केली होती. प्रत्यक्षात घर अडलं ते पैशांपाशी. पालकांचं उत्पन्न किती, बँकेत किती, घरात माणसं किती. आपण या देशात कसे राहतो हे लिहायला बाबा एका संध्याकाळात तयार झाले. महिन्याला किती मिळतं हे लिहायला तीन आठवडे तयार झाले नाहीत. एके काळी बँकांची सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस एका दुकानाचे हिशेब लिहीत होता आणि आई पाच-पाच डझन पोळ्या लाटून चार घरी पोचवत होती. "स्कॉलरशिप मिळव, मान वर करून घेऊ," बाबा म्हणायचे. "ही मदत आहे. मदत घेणं आपल्यात नाही."

रविवारी आजीचा फोन असायचा. मी तक्रार केली, आणि स्पीकर चालू आहे हे तिला सांगायचं राहिलं (विसरलो असं मी आजवर सांगत आलोय). आजी म्हणाली, "मदत घेत नाही? अरे, तुझा बाप ईबीसीच्या फी-सवलतीवर शिकलाय! उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे चार हेलपाटे मी घातलेत. सही द्यायला तो माणूस दर खेपेला 'उद्या या' म्हणायचा. विचार त्याला." विचारायची गरज नव्हती. बाबा समोरच बसले होते. ते काही बोलले नाहीत, त्या दिवशी सहीही केली नाही. पुढच्या गुरुवारी विजेच्या बिलाच्या पाठीमागे त्यांच्या बारीक अक्षरात सगळे आकडे लिहिलेले टेबलावर मिळाले. पोळ्यांचे पैसे वेगळ्या ओळीत, डॉलरपर्यंत अचूक. मी आकडे उतरवून घेतले आणि आभारही मानले नाहीत. अठरा वर्षांच्या मुलाला वाटत असतं की बापाने उशीर केला.

६. अठरावा वाढदिवस हा आमच्यासारख्यांकडे वेगळा मोजतात. १९९६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बेकायदा वास्तव्याचे दिवस मुलगा अठराचा झाल्यावर मोजायला लागतात. १८० दिवसांपेक्षा जास्त राहून देश सोडला तर तीन वर्षं परत येता येत नाही, वर्ष झालं तर दहा वर्षं. माझा वाढदिवस त्याच जानेवारीत. म्हणजे इकडे अर्जाची २ मार्चची मुदत आणि तिकडे जुलैपर्यंत सांगलीला निघून जायची मोकळीक, दोन्ही एकाच भिंतीवरच्या कालनिर्णयावर. काका म्हणत होते, ये इकडे, इंजिनिअरिंगला घालतो. मी राहिलो. यात बाणेदारपणा शोधू नका. मला तिथली बारावीची फिजिक्स झेपणार नाही अशी भीती होती, हे खरं कारण. आजी २०१९ साली गेली. आम्ही तिघांनी ते फोनवर पाहिलं.

७. ज्या देशाच्या हिशेबी आपण नाही, त्याच्या सैन्याच्या यादीत मात्र आपण असतो. अठरा ते पंचविसातल्या पुरुषांनी सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नाव नोंदवलं पाहिजे, स्टेटस नसलं तरी. सोशल नसेल तर पोस्टात जाऊन कागदी फॉर्म भरायचा. मी भरला. आई पोस्टाच्या रांगेतच म्हणाली, "युद्ध झालं तर आधी ग्रीन कार्ड द्या म्हणावं."

८. सरकारी यंत्राला आपल्या स्टेटसपेक्षा आपलं नाव जास्त छळतं. अर्ज गेला, मुदतीच्या आत गेला, आणि एप्रिलमध्ये कळलं की माझे गुण राज्याकडे पोचलेच नाहीत. शाळा म्हणे, आम्ही केव्हाच पाठवले. दोन्ही खरं होतं. भारतीय पासपोर्टात नावाच्या रकान्यात माझं आणि बाबांचं नाव एका ओळीत आहे. इथे प्रवेश घेताना शाळेच्या कारकुनाने ती दोन्ही जोडून टाकली होती, मध्ये जागा न सोडता. अर्जात मी शहाणपणा करून बाबांचं नाव मधल्या रकान्यात घातलं. त्यामुळे राज्याच्या संगणकात दोन मुलं होती. एक मी, गरीब पण गुण नसलेला. दुसरा बापलेकांचं नाव एकत्र करून तयार झालेला एक लांबलचक हुशार मुलगा, ज्याला पैशांची गरज नव्हती. सोशल असता तर त्या नऊ आकड्यांनी दोघांना एकत्र आणलं असतं. माझ्यासाठी ते काम शाळेच्या ऑफिसातल्या एका वयस्क बाईंनी तीन पत्रं आणि असंख्य फोन करून केलं. त्यांनी एकदाही विचारलं नाही की सोशल का नाही. आजीच्या तलाठ्याची गोष्ट मी त्यांना सांगायला हवी होती.

९. कायद्याला विनोदबुद्धी असते, फक्त ती आपल्या बाजूची असेलच असं नाही. माझा एक मित्र, कुटुंब ठाण्याचं, एच-फोरवर, सगळे कागद चोख. वडिलांचं ग्रीन कार्ड भारतीयांच्या त्या लांबच लांब रांगेत. एबी ५४० च्या सवलतीतून तेव्हा चालू व्हिसावर असलेली मुलं वगळलेली होती. राज्यात वास्तव्य दाखवून त्याला रहिवाशाची फी लागली, पण मदतीचा अर्ज ना केंद्राचा ना राज्याचा. वर एकविसाव्या वर्षी तो वडिलांच्या व्हिसातून बाहेर पडणार होता. माझ्या घरची माणसं पाच वर्षं ज्याला झाकत होती, तेच मला पैसे मिळवून देत होतं. मी त्याला मदत मिळाल्याचं पत्र दाखवलं तेव्हा तो दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. त्याच्या जागी मीही नसतो बोललो.

१०. पत्र म्हणजे राज्याच्या मदतीचं, कॅल ग्रँटचं. स्टेट युनिव्हर्सिटीची वर्षाची ट्यूशन ५,४७२ डॉलर, ती पूर्ण. एबी ५४० नसता तर परराज्यातला म्हणून त्यावर दर युनिटला ३७२ डॉलर जादा पडले असते. वर्षाचे तीस युनिट धरा: ११,१६० डॉलर. पोळ्यांत मोजायला मी बसलो होतो, आईने मध्येच थांबवलं. पुस्तकं, बस आणि कॉलेजच्या किरकोळ फीया पोळ्यांवरच निघाल्या. बाबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं आणि पिशवीत ठेवलं. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "स्कॉलरशिप मिळाली त्याला." मी दुरुस्त केलं नाही.

११. एक सही अजून माझ्या अंगावर आहे. एबी ५४० साठी कॉलेजला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, की स्टेटस कायदेशीर करण्याचा अर्ज मी केलाय किंवा पात्र होताच करीन. मी अठराव्या वर्षी मोठ्या ऐटीत सही केली, मला वाटलं दोन-चार वर्षांचा प्रश्न आहे. पदवी झाली, मी गणिताच्या शिकवण्या घेतो, पात्र व्हायची वाट अजून निघालेली नाही. झेरॉक्स पिशवीत आहे.

दर जानेवारी-फेब्रुवारीत मी दोन-तीन मुलांना हा अर्ज भरायला बसवतो. मराठी मुलं क्वचित येतात, आणि आली तर आई बाहेर गाडीतच बसून राहते. तुमच्या ओळखीत, मंडळात, डबे देणाऱ्या काकूंच्या घरात बारावीतलं असं पोर असेल तर त्याला एवढंच सांगा: फाफ्सा नाही, राज्याचा अर्ज भर, नाव शाळेच्या दाखल्यावर आहे तसंच लिही, आणि मार्च उजाडायची वाट बघू नकोस. बाकी काही विचारू नका.