औषधकल्पांचा विक्रीतील वाटा : संगणकीय गणन व त्याचा अर्थ

चिकित्सालयास जोडून औषधालय चालविणाऱ्या वैद्यांपुढे दरमहा एकच प्रश्न उभा राहतो : कोणता कल्प किती मागवावा? एकूण विक्रीतील प्रत्येक कल्पाचा वाटा एक्सेलमध्ये काही मिनिटांत काढता येतो. मात्र त्याचा अर्थ लावताना सावध राहावे लागते.

सोयीसाठी एका महिन्याचे काल्पनिक आकडे घेऊ. ‘ए’ स्तंभात कल्पाचे नाव व ‘बी’ स्तंभात विक्री, दुसऱ्या ओळीपासून लिहावी : चूर्णे १८,०००, वटी-गुग्गुळ ४२,०००, आसव-अरिष्टे ३६,०००, तेल-तूप १५,००० आणि अवलेह ९,००० रुपये. ‘बी७’ या चौकटीत बेरीज घ्यावी. ती १,२०,००० येते. ‘सी२’मध्ये ‘=बी२/$बी$७’ हे सूत्र इंग्रजी अक्षरांत व अंकांत लिहून खाली ओढावे आणि टक्केवारीचे बटण दाबावे. अनुक्रमे १५, ३५, ३०, १२.५ व ७.५ टक्के ही उत्तरे मिळतात.

येथे दोन चुका हमखास होतात. डॉलरचे चिन्ह छेद स्थिर ठेवते. ते विसरल्यास पुढील ओळीत छेद ‘बी८’ या रिकाम्या चौकटीवर सरकतो व शून्याने भागल्याची त्रुटी दिसते. तसेच एक दशांशस्थळ न दाखविल्यास १२.५ चे १३ व ७.५ चे ८ दिसतात आणि वाट्यांची बेरीज १०१ भासते.

आता अर्थाकडे वळू. हेमंतात अवलेहाची विक्री ३९,००० झाली व इतर विक्री तेवढीच राहिली, तर एकूण विक्री १,५०,००० होते. चूर्णांचा वाटा १५ वरून १२ टक्क्यांवर येतो. प्रत्यक्षात चूर्णांची विक्री एक रुपयानेही घटलेली नसते! आम्हीही एका हिवाळ्यात केवळ टक्केवारी पाहून चूर्णांची मागणी कमी केली होती. महिनाअखेरीस रुग्ण समोर बसलेला आणि बरणी रिकामी, अशी आमची स्थिती झाली.

याउलट, वाटा वाढलेला पाहून चूर्णांचा मोठा साठा करणेही योग्य नव्हे. शार्ङ्गधरांनी दोन मासांनंतर चूर्ण हीनवीर्य होते असे सांगितले आहे, तर आसव व रसकल्प जुने झाल्याने गुणवान होतात असे म्हटले आहे. म्हणून भांडवल कोठे गुंतले आहे हे वाट्यावरून पाहावे. मागणी मात्र प्रत्यक्ष खप व कल्पाची सवीर्यता अवधी पाहूनच ठरवावी. दोन्ही स्तंभ शेजारी ठेवून वाचल्यास औषध वाया जाणार नाही आणि रुग्णासही रिकाम्या हाती परतावे लागणार नाही.