गाडीचे ऑईल आपल्या हाताने : एक धडा, एक हिशेब

आम्ही कापडाचे व्यापारी. ताग्यात अर्धा मीटर कापड कमी निघाले तर आमच्या हाताला लगेच कळते. रोजमेळात दहा रुपयांचा फरक पडला तर रात्री झोप लागत नाही. पण ज्या मोटारसायकलवर बसून आम्ही हा सारा व्यापार करतो, तिच्या इंजिनात ऑईल किती आहे, हे आम्ही पंचवीस वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. त्याची किंमत आम्हाला राहुड घाटात मोजावी लागली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ईदचा हंगाम तोंडावर आला होता. ग्रे कापडाचा सौदा नक्की करण्यासाठी आम्ही नाशिकहून मालेगावला निघालो. मागे नमुन्यांचे गाठोडे बांधलेले. ओझर, पिंपळगाव, चांदवड मागे टाकले आणि घाटात गाडी जड वाटू लागली. इंजिनातून खडखड आवाज आला आणि चाक जागीच अडकले. इंजिन जाम झाले होते. गाडी टेम्पोत घालून आणावी लागली. आम्ही पोहोचलो नाही म्हणून माल दुसऱ्या व्यापाऱ्याने उचलला. पिस्टन आणि बोअरचे काम पाच हजारांच्या वर गेले, ते वेगळेच.

मोहल्ल्यातील एक बुजुर्ग मिस्त्री आहेत. सारे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी इंजिन उघडले तेव्हा आत जेमतेम कपभर काळे ऑईल निघाले. "सेठ, ऑईल कधी बदलले होते?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "दोन महिन्यांपूर्वी, पैसे देऊन." त्यावर ते म्हणाले, "पैसे दिलेले तुम्ही बघितले. ऑईल टाकलेले बघितले का?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या गॅरेजवाल्याने ऑईल पूर्ण भरले नव्हते, की नंतर कुठून गळाले, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पुराव्याशिवाय कोणावर आळ घेणे योग्य नाही. ज्याने माल मोजून घेतला नाही त्याला नंतर तक्रार करण्याचा हक्क राहत नाही, हा बाजाराचा जुना नियम आहे. म्हणून आम्ही ठरवले की पुढचे ऑईल आपल्या हाताने बदलायचे.

ऑईल काय काम करते

बाजारात समज असा आहे की ऑईल म्हणजे फक्त वंगण. हे खरे आहे, पण अर्धेच. ऑईल घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरते, तसेच ते उष्णता वाहून नेते आणि इंजिनातील काजळी व धातूचा बारीक चुरा आपल्यात घेते. ऑईल काळे पडते ते यामुळेच. आपल्या मोटारसायकलींत आणखी एक गोष्ट असते. इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही कामे एकाच ऑईलवर चालतात. म्हणून स्वस्त मिळाले म्हणून मोटारकारचे ऑईल दुचाकीत टाकू नये. त्यातील काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे क्लच घसरू लागतो. दुचाकीच्या बाटलीवर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' अशी खूण असते, ती पाहूनच घ्यावी.

दुसरी गोष्ट नंबरची. आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. इंग्रजी पुस्तिका मुलाने वाचून दाखवली. स्प्लेंडरसाठी तिच्यात १०-डब्ल्यू-३० लिहिलेले होते. दुसऱ्या काही गाड्यांना २०-डब्ल्यू-४० किंवा २०-डब्ल्यू-५० लागते. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला जाडपणा सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा. आमच्या यंत्रमागधारक बंधूंना येथे एक सावधगिरीची सूचना. सुताचा काउंट वाढला की धागा बारीक होतो. ऑईलचा आकडा वाढला की ते जाड होते. हिशेब उलटा आहे. 'जाड ऑईल म्हणजे मजबूत ऑईल' असे समजून मनाने नंबर बदलू नये. पुस्तिकेत जो नंबर लिहिला आहे तोच घ्यावा.

कामाआधी काय जमवावे

पुस्तिकेत लिहिलेल्या नंबरचे सीलबंद ऑईल पक्क्या बिलावर घ्यावे. जुन्या बाटलीत भरलेले नकली ऑईल विकणारेही असतात. नटाच्या मापाचा पाना घ्यावा. आमच्या गाडीला १७ नंबरचा रिंग पाना बसला. ऑईलच्या नटाचे नवे वायसर, नरसाळे, मापाचे भांडे, जुने पसरट घमेले, रबरी हातमोजे आणि बनियनच्या चिंध्या एवढे पुरे. चिंध्यांची कमतरता कापडवाल्याच्या घरी नसतेच.

गाडी नवी असेल आणि वॉरंटी चालू असेल तर मात्र हे काम घरी करू नये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावे आणि पुस्तिकेत शिक्का घ्यावा.

काम कसे करावे

आम्ही जुम्म्याचा दिवस निवडला. मालेगावचे माग त्या दिवशी बंद असतात, म्हणून आमची धावपळही कमी असते. उस्ताद शेजारी खुर्ची टाकून बसले, पण पान्याला त्यांनी हात लावला नाही.

१) गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावावी. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे. कोमट ऑईल पातळ होऊन सहज उतरते आणि गाळ सोबत आणते. लांबून आलेली तापलेली गाडी लगेच उघडू नये. हात भाजतो.

२) ऑईल भरण्याचे झाकण आधी सैल करावे. ते उघडते याची खात्री झाल्यावरच खालच्या नटाला हात लावावा. खालून ऑईल काढून टाकले आणि वरचे झाकण अडकले, तर गाडी जागची हलवता येत नाही.

३) घमेले इंजिनाखाली ठेवून नट सैल करावा. येथे आम्ही पहिली चूक केली. नट इंजिनाच्या पोटाखाली असतो आणि आपण वरून वाकून पाहतो, त्यामुळे दिशा उलटी दिसते. आम्ही उघडण्याऐवजी आवळत होतो. उस्ताद म्हणाले, "सेठ, खाली बसा. नट तुमच्या तोंडासमोर आहे असे समजा, मग फिरवा." समोरून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने नट सुटतो.

४) शेवटचे आटे हाताने सोडवावेत आणि नट पटकन बाजूला घ्यावा. ऑईल दहा-पंधरा मिनिटे उतरू द्यावे. इंजिनची चावी बंद ठेवून चार-पाच किका माराव्यात. आत राहिलेलेही बाहेर येते.

५) निघालेले ऑईल नीट पाहावे. काळे असणे स्वाभाविक आहे. पण चमकणारे धातूचे कण बरेच दिसले किंवा ऑईल दुधाळ दिसले, म्हणजे पाणी मिसळले असावे, तर मिस्त्रीला दाखवावे.

६) नट पुसून नवे वायसर घालावे. पहिले आटे केवळ बोटांनी बसवावेत, मग पान्याने आवळावे. ताकद दाखवू नये. नट लोखंडी, इंजिनाचे आवरण अॅल्युमिनियमचे. जोर केला तर आटे आवरणाचे जातात आणि शंभर रुपये वाचवायला निघालेला माणूस हजारोंच्या खर्चात पडतो.

७) आता नवे ऑईल मापून भरावे. बाटली पूर्ण ओतू नये. आमची दुसरी चूक हीच. बाटली एक लिटरची होती आणि नुसते ऑईल बदलताना आमच्या गाडीला त्याहून कमी लागते. पैसे दिले आहेत तर बाटलीत का ठेवायचे, असा व्यापारी विचार करून आम्ही सगळे ओतले. दांडीवर वरच्या खुणेच्याही वर ऑईल दिसले. जास्त ऑईलने इंजिन जड चालते आणि ऑईल हवेच्या फिल्टरकडे फेकले जाते. शेवटी नट पुन्हा सैल करून जादा ऑईल काढावे लागले.

८) झाकण लावून इंजिन दोन-तीन मिनिटे सावकाश चालवावे, बंद करून तितकाच वेळ थांबावे आणि दांडी पुसून पातळी पाहावी. आमच्या गाडीत दांडी फिरवून न बसवता फक्त टेकवून पाहायची असते. काही गाड्यांत दांडीऐवजी काचेची खिडकी असते. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावी.

९) रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवावा. सकाळी त्यावर डाग नसेल तर काम पक्के.

आमच्या गाडीला कागदी फिल्टर नाही. आत जाळी आणि फिरणारा गाळणीचा भाग आहे, त्यासाठी बाजूचे आवरण उघडावे लागते. ते काम आम्ही उस्तादांकडेच ठेवले. ज्याचे काम त्यालाच शोभते.

हातांची काळजी

घमेले उचलताना आम्ही मोजे काढून ठेवले होते. उस्ताद पहिल्यांदाच रागावले. त्यांच्या रागाचे कारण कापडाच्या धंद्याच्या इतिहासातच आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या परिसरातील सूतगिरण्यांत म्यूल नावाच्या यंत्रावर सूत कातले जाई. चात्यांचे खनिज तेल कामगारांच्या कपड्यांवर उडून मांडीच्या वरच्या भागात मुरत असे. अनेक वर्षे असे काम केलेल्यांना तेथील कातडीचा कर्करोग होत असल्याचे १९२२ मध्ये मँचेस्टरच्या दोन डॉक्टरांनी मांडले. यंत्रात कोणते तेल वापरावे याचे कायदेशीर नियम यायला मात्र १९५३ साल उजाडले. तोवर कित्येक कारागीर गेले.

आजचे चांगले शुद्ध केलेले तेल त्या काळच्या तेलाइतके घातक नसते. परंतु इंजिनात जळालेले ऑईल वेगळे. त्याने प्रयोगशाळेत उंदरांच्या कातडीला कर्करोग झाल्याचे दिसले आहे. एकदा हात लागल्याने काही होत नाही. रोज लागण्याने होते. गॅरेजमधील पोरे खिशात ऑईलचा बोळा ठेवतात, मागावरील कारागीर तेलकट बनियन आठवडाभर घालतात. आमची त्यांना कळकळीची विनंती आहे. मोजे वापरा, साबणाने हात धुवा, तेलकट कपडा रोज बदला. हात पेट्रोलने धुऊ नका. तेलकट चिंध्या कापडाच्या गोदामात कधीही ठेवू नका. एक ठिणगी पुरते.

काळे ऑईल कुठे जाते

काम संपले आणि घमेल्यात पाऊण लिटर काळे ऑईल उरले. मुलगा म्हणाला, "अब्बा, गटारीत ओतून टाकू?" सगळे तेच करतात, म्हणून त्याने विचारले. आम्हीही क्षणभर गप्प राहिलो. मग विचार केला की गटारीचे पाणी कुठे जाते? नासर्डीत, वाघाडीत, आणि तेथून गोदावरीत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे सांगणे आहे की मोटारीच्या एका वेळच्या जुन्या ऑईलने दहा लाख गॅलन गोडे पाणी खराब होऊ शकते. आमच्या घमेल्यातले त्याहून कमी असेल, पण नाशिकमध्ये मोटारसायकली किती आहेत? जे पाणी आपल्याच लेकरांनी, आणि खालच्या गावांतील लोकांनी प्यायचे, त्यात आपण घाण ओतायची आणि वर शंभर रुपये वाचले म्हणायचे, हा कसला नफा?

भारतात जुने ऑईल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी ऑईल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्यांवरही टाकली आहे. आपण एवढेच करायचे. ऑईल रिकाम्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून, अधिकृत पुनर्प्रक्रियावाल्यांना जुने ऑईल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन द्यायचे. त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू नये, नाहीतर ते शुद्ध करणे अवघड होते. भट्टीत जाळू नये, लाकडाला फासू नये. बाटली कोरी राहिली तर ती कापून मगच भंगारात द्यावी, म्हणजे तिच्यात कोणी नकली ऑईल भरणार नाही.

शेवटचा हिशेब

नफा किती झाला, असे वाचक विचारतील. खरे सांगायचे तर थोडा. ऑईलचे पैसे दोन्हीकडे सारखेच, वाचली ती फक्त मजुरी. केवळ त्यासाठी कोणी कपडे खराब करू नयेत. आणि ज्या मिस्त्रीचे पोट या कामावर आहे, त्याचे गिऱ्हाईक तोडावे असेही आमचे म्हणणे नाही.

नफा दुसराच आहे. आता आमच्या रोजमेळाच्या शेवटच्या पानावर गाडीचे खाते आहे. तारीख, किलोमीटर, ऑईलचा नंबर आणि पुढची तारीख त्यात लिहिलेली असते. दर जुम्म्याला आम्ही दांडी काढून पाहतो. अर्धा मिनिट लागतो. धावपळीच्या दिवसांत ऑईल उस्तादांकडे बदलून घेतो, पण शेजारी उभे राहून. नवे सील आपल्यासमोर फोडायला सांगतो आणि पैसे देण्याआधी पातळी पाहतो. उस्तादांना याचे वाईट वाटत नाही. ते म्हणतात, "सेठ, बघणारे गिऱ्हाईक आले की आमचे कामही चांगले होते."

ज्यांना हे काम जमेल त्यांनी एकदा आपल्या हाताने जरूर करावे. ज्यांना जमणार नाही त्यांनी निदान दांडी पाहायला शिकावे. उद्या सकाळी दुकानाला निघण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, एकदा ती बाहेर काढून बघा. तिच्यावर ऑईल नसेल, तर घाट चढण्यापूर्वी कळलेले बरे.