नळीवरच्या नावाला भुलू नकोस

पार्सल आलं की फ्रीजमध्ये ढकलून मोकळी होऊ नकोस गं. आधी सोबतचा कागद वाच. नळीवर ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन कोलॅजन’ एवढंच छापलेलं असतं, आणि त्या एका नावाखाली दोन अगदी निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक म्हणजे अख्खं कोलॅजन: हजारेक अमिनो आम्लांच्या तीन साखळ्या, तिपेडी वेणीसारख्या एकमेकींत वळलेल्या. दुसरी म्हणजे त्यातल्या एकाच साखळीचा छोटा तुकडा, बहुतेकदा ई. कोलायमध्ये बनवलेला, टोकाला हिस्टिडिनचा टॅग लावलेला. तुकड्याला नावं ठेवू नकोस हं. एलायझाला, ब्लॉटवर पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून, अँटिबॉडी तपासायला तो छान चालतो. पण त्याची जेल लावून त्यात पेशी वाढवायला निघालीस, तर रात्रभर बसून राहशील आणि सकाळी प्लेटमध्ये पाणीच असेल.

म्हणून कोणत्या पेशीत बनवलंय, कितव्या अमिनो आम्लापासून कितव्यापर्यंत आहे आणि टॅग कोणत्या टोकाला आहे, हे आधी वहीत उतरव.

पेशीचं एवढं का, ते ऐक. साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन, आणि उरलेल्या जागांवर प्रोलिन भरपूर. आपल्या पेशी त्यातल्या बऱ्याच प्रोलिनांवर हायड्रॉक्सिल गट चढवतात. ते करणाऱ्या एन्झाइमला लोह आणि क जीवनसत्त्व लागतं. स्कर्व्हीत हिरड्या सुटतात त्या याच कामात खंड पडल्यामुळे. ई. कोलायकडे हे एन्झाइमच नाही. आणि हा गट नसला की वळलेला पीळ साधारण 24 अंशांनाच सुटतो. तुझा इनक्युबेटर 37 वर! यीस्टमध्ये करायचं तर कोलॅजनच्या जनुकासोबत त्या एन्झाइमची जनुकंही घालावी लागतात. 1997 साली फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या लोकांनी पिचिया पास्टोरिसमध्ये तिसऱ्या प्रकारचं मानवी कोलॅजन असंच बनवलं. तंबाखूच्या रोपातही आता पहिल्या प्रकारचं बनतं.

पीळ शाबूत आहे की नाही, हे कागदावर विसंबून ठरवू नकोस. थोडंसं पेप्सिनमध्ये थंडीत ठेव. पीळ असेल तर टिकेल, नसेल तर पेप्सिन फडशा पाडेल. सीडी यंत्र मोकळं मिळालं तर 221 नॅनोमीटरजवळ छोटं धन शिखर दिसतं का तेही बघ. (रामचंद्रन आणि कार्था यांनी 1954 साली मद्रासला तिहेरी पिळाचा आराखडा मांडला, तो कांगारूच्या शेपटीतल्या कंडराच्या क्ष-किरण चित्रांवरून. तुझ्याकडे निदान विकतची नळी आहे.)

मोजमापात तर हमखास फसगत होते. 280 नॅनोमीटरला वाचन घेऊ नकोस. पिळाच्या भागात ट्रिप्टोफॅन नाही आणि टायरोसिन नावापुरतं. ब्रॅडफर्डला बीएसएचं स्टँडर्ड लावलंस तर आकडा कमी येईल. कोलॅजनचंच स्टँडर्ड लाव. हायड्रॉक्सिप्रोलिन मोजण्याची पद्धत चांगली आहे, पण ई. कोलायच्या मालाला ती काय मोजणार? एसडीएस जेलवर पट्टा मार्करच्या मानाने वर दिसला म्हणून लगेच कंपनीला मेल धाडू नकोस. कोलॅजन हळूच धावतं. 95 किलोडाल्टनची साखळी 130 च्या आसपास बसलेली दिसते.

पावडर असेल तर उघडण्याआधी नळी एकदा फिरवून घे, झाकणाला चिकटलेलं खाली येतं. अख्खं कोलॅजन सौम्य ॲसेटिक आम्लात, 4 अंशांवर, हळू विरघळू दे. व्होर्टेक्सला हात लावू नकोस. जेल करताना कोलॅजन, दहापट पीबीएस, सोडा, पिपेटच्या टिपासुद्धा बर्फात. आम्ल मारलं की घाई कर, कारण पीएच सातच्या वर गेला आणि ऊब लागली की ते नळीतच धरतं. प्लेटवर नुसता लेप द्यायचा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला 5 ते 10 मायक्रोग्रॅम पुरतं. नंतर पीबीएसने धू, नाहीतर उरलेलं आम्ल पेशींना मारेल आणि दोष कोलॅजनला लागेल.

मॅक्रोफेजवर काम असेल तर एंडोटॉक्सिनचा आकडा मागून घे. ई. कोलायमधलं प्रथिन ते सोबत घेऊन येऊ शकतं, आणि मग पेशी चिडल्या त्या कशाने हे तुला सांगता येणार नाही.

आणि मे महिन्यात मागवशील तेव्हा पार्सल सोमवारीच पाठवा म्हणून कळव. शुक्रवारी निघालेलं शनिवार-रविवार कुठल्यातरी गोदामात तापत पडतं.