रुग्णाच्या नमुन्यातील ग्रॅम-ऋण जीवाणूंची ओळख : कीटकशास्त्राचा एक धडा

रुग्णाचे रक्त, पू किंवा जखमेतील स्राव प्रयोगशाळेत आला की त्यातील जीवाणू ओळखण्याचा आरंभ बहुधा ग्रॅम रंजनाने होतो. हान्स क्रिश्चियन ग्रॅम या डॅनिश वैद्यकाने ही पद्धत १८८४ मध्ये प्रसिद्ध केली. ज्या जीवाणूंची पेशीभित्तिका पातळ असून तिच्यावर बाह्यपटल असते, त्यांतील जांभळा रंग अल्कोहोलने निघून जातो आणि नंतरच्या सॅफ्रानिनमुळे ते गुलाबी दिसतात. हेच ग्रॅम-ऋण जीवाणू. त्यांच्या बाह्यपटलामुळे काही प्रतिजैविके पेशीत शिरू शकत नाहीत. म्हणून अचूक ओळखीवर उपचारांची दिशा अवलंबून असते.

ओळखीच्या पायऱ्या

रंजनानंतर नमुना रक्तयुक्त माध्यमावर व मॅकॉन्की माध्यमावर वाढवतात. दुसऱ्या माध्यमावर लॅक्टोज आंबवणाऱ्या जीवाणूंच्या वसाहती गुलाबी होतात, तर न आंबवणाऱ्यांच्या फिकट राहतात. पुढे ऑक्सिडेज, नायट्रेट क्षपण व शर्करा-वापर या चाचण्या केल्या जातात. आज अनेक ठिकाणी हे काम स्वयंचलित यंत्रे करतात. परंतु यंत्र नमुन्याची तुलना आपल्या माहितीसंग्रहाशीच करते. संग्रहात नसलेल्या जीवाणूला ते जवळच्या एखाद्या जातीचे नाव देण्याची शक्यता असते.

फोटोऱ्हॅब्डसचे उदाहरण

कीटकनाशक सूत्रकृमींच्या आतड्यात फोटोऱ्हॅब्डस हा ग्रॅम-ऋण जीवाणू सहजीवी म्हणून राहतो. सूत्रकृमी अळीच्या शरीरात शिरून त्याला मुक्त करतो. साधारण दोन दिवसांत अळी मरते, विटकरी पडते आणि अंधारात मंद उजळते. हाच जीवाणू मानवी नमुन्यांत आढळल्याची नोंद अमेरिकेत १९८९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांना प्रामुख्याने त्वचा व मऊ ऊतींचा संसर्ग झाला होता. काहींमध्ये तो बरा होऊन पुन्हा उलटला. स्वयंचलित प्रणालींनी या जीवाणूला चुकीची नावे दिल्याचेही दिसून आले.

त्याची ओळख पटवणाऱ्या खुणा मात्र साध्या आहेत. या गटातील बहुतेक जीवाणू नायट्रेटचे क्षपण करतात. फोटोऱ्हॅब्डस करत नाही. रक्तयुक्त माध्यमावर त्याच्या वसाहतीभोवती रक्तविलयाचे बारीक वलय उमटते. सर्वांत निर्णायक खूण म्हणजे त्याचा प्रकाश. पूर्ण अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटे थांबून डोळे अंधाराला सरावले की वसाहतींतून मंद प्रकाश दिसतो. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

नाव आणि वास्तव

मानवी नमुन्यांतील या जातीला १९९९ मध्ये 'असिम्बायोटिका', म्हणजे सहजीवन नसलेली, असे नाव मिळाले. कारण तिचा सूत्रकृमी तेव्हा ज्ञात नव्हता. पुढे ऑस्ट्रेलियातील किंग्जक्लिफ येथील एका रुग्णाच्या संसर्गाचा माग घेताना तेथील मातीत कीटकांच्या अळ्या आमिष म्हणून ठेवण्यात आल्या. त्यांतून हेटेरोऱ्हॅब्डायटिस गटातील सूत्रकृमी मिळाला आणि २००६ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. रुग्णालयाच्या प्रश्नाचे उत्तर कीटकशास्त्राच्या नेहमीच्या पद्धतीने शोधले.

शेतीशी संबंध

भारतात कोईमतूर परिसरातून वर्णन झालेला हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका हुमणीच्या जैविक नियंत्रणासाठी वापरला जातो. मानवी संसर्ग अत्यंत विरळ असल्याने वरील नोंदींमुळे या उपयुक्त मित्राविषयी भीती बाळगण्याचे कारण नाही. तथापि मातीत काम करताना पायांत बूट व हातांत मोजे असावेत आणि जखम झाकलेली असावी. जखम बरी होत नसेल तर रुग्णाने आपल्या कामाचे स्वरूप व मातीशी आलेला संपर्क डॉक्टरांना आवर्जून सांगावा. तज्ज्ञांनीही यंत्राचे उत्तर वसाहतीच्या लक्षणांशी जुळत नसेल तर नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावा. जीवाणूची ओळख पूर्ण होण्यासाठी तो कोठून आला, हा प्रश्नही विचारावा लागतो.