आधी गाडी वर, मग जॅक

चि. ओंकार,



स्प्रिंग कापून खाली बसवलेली गाडी तू घेतलीस. ती देखणी दिसते हे कबूल, खड्ड्यांचं तुझं तू बघ. माझा वाद फक्त जॅकपुरता आहे. तू म्हणतोस, बुटका जॅक आणला की प्रश्न मिटला. मला वाटतं, तू प्रश्नच उलटा धरला आहेस. साध्या ट्रॉली जॅकचं डोकं पूर्ण खाली असतानाही जमिनीपासून 13-14 सेंमीवर असतं, बुटक्याचं 7-8 वर. चारही चाकांत हवा असेल तर हा बुटका तुझ्या गाडीखाली जाईल. पण रस्त्यात जॅक लागतो तो हवा गेल्यावर. तुझ्या 185/60 टायरची भिंत 111 मिमी. ती बसली की तो कोपरा पाचेक सेंमी तरी आणखी खाली येतो. मग जिथे शिरेल तिथे जॅक घालायचा मोह होतो, आणि दाराखालच्या दोन खाचांमधली जाड दुहेरी पट्टी सोडून भार पातळ पत्र्यावर किंवा ऑइल सम्पवर जातो. शिवाय ट्रॉली जॅकचं डोकं सरळ वर जात नाही, कमानीत फिरतं. उचलताना जॅकची चाकं पुढेमागे सरकावी लागतात. मुरमात ती रुततात, आणि मग जॅकऐवजी गाडी ओढली जाते.

म्हणून चार सेंमी जाडीची रुंद फळी बसलेल्या चाकापुढे ठेव आणि गाडी हळूच तिच्यावर चढव. कोपरा जवळपास तेवढाच वर येतो. पट्टीखाली जॅक शिरायला बहुधा तेवढं पुरतं. नाहीच पुरलं तर दुसरी फळी पायरीसारखी मागे सरकवून वर ठोक. फुटक्या चाकावर गाडी हलवली तर टायर जाईल, असं तू म्हणशील. टायर जातो तो किलोमीटरभर दामटल्याने, भिंत घासून तापते म्हणून. वीतभर सरकण्याने काही होत नाही. नट मात्र चाक टेकलेलं असतानाच सैल कर.

गिअरमध्ये टाकली की पुरे, हेही खरं नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं एक पुढचं चाक उचललं, की डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळं फिरतं आणि दुसऱ्यावरची गिअरची पकड जाते. तेव्हा धरून ठेवतो तो हँडब्रेक आणि मागच्या चाकांना लावलेले दगड. मागची दोन्ही चाकं एकदम उचललीस तर उलट: हँडब्रेक हवेत, भिस्त गिअरवर आणि पुढच्या दगडांवर. पाच मिनिटांचं काम असलं तरी काढलेलं चाक पट्टीखाली आडवं सरकव, कारण जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवायला नाही. गाडीखाली शिरायचंच असेल तर स्टँडशिवाय नको.

कापलेल्या स्प्रिंगची एक खोड आहे. चाक लोंबलं की ती बैठकीतून सुटू शकते. म्हणून खाली घेताना चाकाच्या कमानीत डोकावून ती जागेवर बसतेय ना, ते बघ.

फळ्या डिकीत आडव्या मावतील एवढ्याच काप, आणि एक टोक सुताराकडून रंधून उतरतं करून घे.

तुझा,
काका