कप-हँडल दिसलं म्हणून शेअर घेऊ नका

पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण मला अजून संताप येतो तो त्या रेषेचा.

क्लास बोईसरला, स्टेशनजवळ. शनिवारी संध्याकाळी तारापूर एमआयडीसीतली निम्मी मंडळी तिथेच असायची. सरांनी पडद्यावर एका छोट्या कंपनीचा चार्ट लावला, कपाची गोलाई दाखवली, हँडल दाखवलं आणि वर एक आडवी रेष ओढली. "ही तुटली की घ्यायचं, विचार करत बसायचं नाही." रेष तुटली, आम्ही घेतलं. काही दिवसांतच शेअर रोज लोअर सर्किटला जायला लागला.

नंतरच्या वर्गात तोच चार्ट पुन्हा पडद्यावर आला आणि रेष वर सरकलेली होती! "ब्रेकआउट झालाच नव्हता, तुम्ही घाई केलीत," सर म्हणाले. माझ्या मोबाइलमध्ये आधीच्या वर्गातला फोटो होता, तारखेसकट. मी उठून सगळ्यांसमोर दाखवला. "काका, नंतर बोलू," एवढंच उत्तर. मग म्हणे मी स्टॉप लॉस पाळला नाही. मी लावला होता! लोअर सर्किटला समोर घेणाराच नसतो, त्यामुळे ऑर्डर ट्रिगर होते आणि रांगेत पडून राहते. इतकी वर्षं क्लास चालवणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, असं मी मुळीच मानणार नाही. त्याच रात्री मला क्लासच्या ग्रुपमधून काढलं.

कप अँड हँडल हा आकार विल्यम ओनील यांनी १९८८ च्या पुस्तकातून लोकप्रिय केला. त्यांच्या मांडणीत व्हॉल्यूमला आकाराइतकंच वजन आहे. हँडलमध्ये व्यवहार आटले पाहिजेत आणि रेष ओलांडताना ते सरासरीपेक्षा निदान ४०-५० टक्के वाढले पाहिजेत. आम्हाला फी घेऊन फक्त आकार शिकवला.

आणि कँडल जवळून बघा. आमच्या त्या शेअरच्या चार्टवर कपाच्या उजव्या बाजूला कितीतरी कँडल म्हणजे नुसत्या आडव्या रेघा होत्या. ओपन, हाय, लो, क्लोज चारही एकच. म्हणजे सकाळीच सर्किट लागलं आणि दिवसभर दुसऱ्या भावाला सौदाच झाला नाही. पाच टक्के सर्किटच्या, कमी उलाढालीच्या शेअरमध्ये मोजकी माणसं मिळून हवा तो आकार उभा करू शकतात. एनएसईच्या साइटवर डिलिव्हरीचं प्रमाण दिसतं, तेही बघा. मात्र शेअर ट्रेड-टू-ट्रेडमध्ये असेल तर सगळेच सौदे डिलिव्हरीचे असतात, त्या आकड्यावर भुलू नका.

तारापूरच्या बऱ्याच केमिकल कंपन्यांत मोबाइल गेटवरच जमा होतो. पहिल्या पाळीला आत असलेल्या माणसाला पाच मिनिटांचा चार्ट शिकवून काय उपयोग? आपल्यासारख्यांनी वीकली चार्ट बघावा, सुट्टीच्या दिवशी शांतपणे ठरवावं. उसन्या पैशांनी किंवा घरातलं सोनं गहाण ठेवून शेअर घेऊ नयेत, हे तर सगळेच सांगतात.

क्लासवाल्यांना आवरणारे नियम आहेत. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने स्पष्ट केलं की, नुसतं शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरायचे नाहीत. चालू चार्ट लावून 'घ्या' म्हणणारा माणूस सल्लाच देत असतो. शिक्षणाच्या नावाखाली सल्ले दिल्याच्या प्रकरणात 'बाप ऑफ चार्ट' चालवणाऱ्यांना ऑक्टोबर २०२३ च्या अंतरिम आदेशाने १७.२० कोटी रुपये जमा करायला सांगितलं होतं. आमच्या सरांनी हे वाचलं नसेल?

नव्या बॅचच्या जाहिराती अजून येतात. जाणार असाल तर आधी सेबीचा नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएचने आणि गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने सुरू होतो, सेबीच्या साइटवर तो पडताळता येतो. मी मागितला तेव्हा "आम्ही फक्त शिकवतो" असं सांगितलं. माझ्या बॅचला जे होते त्यांनी ग्रुपवरचे मेसेज, फीच्या पावत्या, यूपीआयच्या नोंदी जपून ठेवा. तक्रार करताना त्याच लागणार आहेत.