पेन्शनचा पैसा आणि परक्या देशातील युद्ध

एखाद्या देशात युद्ध किंवा दडपशाही सुरू झाली की जगाच्या दुसऱ्या टोकाला एक मागणी पुढे येते : 'त्या देशाशी संबंध असलेल्या कंपन्यांत आमच्या सरकारी पेन्शन निधीचा पैसा नको. तो ताबडतोब काढून घ्या.' १९८० च्या दशकात ही मागणी दक्षिण आफ्रिकेबाबत झाली, २००५ च्या सुमारास सुदानबाबत, २०२२ मध्ये रशियाबाबत आणि २०२३ पासून इस्रायलबाबत. मागणी करणाऱ्यांत विद्यार्थी नेहमीच आघाडीवर असतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. तरीही प्रस्तुत लेखात मी या मागणीच्या विरुद्ध बाजू मांडणार आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा करतो. आपल्याकडे 'निर्गुंतवणूक' म्हटले की सरकारने आपल्या उद्योगातील भांडवल विकणे असा अर्थ घेतला जातो. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. नैतिक कारणासाठी शेअर विकून बाहेर पडणे, यासाठी मी 'गुंतवणूक-माघार' हा शब्द वापरतो.

हा पैसा कोणाचा?

घुग्घुसच्या विद्यार्थ्याने सुदानची चिंता का करावी, असे कोणी विचारील. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरी दरमहा वेकोलिची पगाराची स्लिप येते. त्या स्लिपवर भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन या दोन्ही कपाती असतात. कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९४८ चा आणि सध्याची कोळसा खाण पेन्शन योजना १९९८ ची. हा निधी धनबादहून चालतो. एकदा ठरलेली पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही, हे निवृत्त कामगारांचे जुने गाऱ्हाणे आहे. म्हणजे ज्या पैशाविषयी आपण बोलतो आहोत तो सरकारच्या तिजोरीतील शिलकी पैसा नव्हे. तो पाळीपाळीने खाणीत उतरलेल्या माणसाचा मागे ठेवलेला पगार आहे. निधीचे विश्वस्त हे त्या पैशाचे राखणदार आहेत, मालक नव्हेत.

आपले हे निधी परदेशी कंपन्यांचे शेअर घेत नाहीत. तथापि प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून आपल्या नव्या ठेवींचा काही भाग शेअर बाजाराच्या निर्देशांकावर आधारित योजनांत गुंतवते. त्या निर्देशांकात ओएनजीसी आहे, आणि ओएनजीसीची विदेश शाखा रशिया, म्यानमार, सुदान, दक्षिण सुदान अशा अशांत देशांत तेलवायूच्या धंद्यात भागीदार झालेली आहे. तेव्हा उद्या ही मागणी आपल्या दारी आली, तर उत्तर तयार असावे.

शेअर विकल्याने काय घडते?

माघारीच्या पाठीराख्यांची कल्पना अशी असते की आपण पैसा काढला की कंपनीचा पैसा कमी होतो. वस्तुतः तसे घडत नाही. कंपनीला भांडवल मिळते ते ती प्रथम शेअर विकते तेव्हा. त्यानंतर बाजारात होणारी खरेदी-विक्री ही एका भागधारकाकडून दुसऱ्याकडे होते. पेन्शन निधीने शेअर विकला म्हणजे तो दुसऱ्या कोणी तरी घेतला. कंपनीच्या तिजोरीतून एक पैही बाहेर गेली नाही.

याचे उदाहरण घुग्घुसच्या खाणीतच आहे, जरी ते युद्धाचे नसले तरी. नॉर्वे सरकारच्या जागतिक पेन्शन निधीने एप्रिल २०१६ मध्ये कोळशाच्या धंद्यातील पन्नासहून अधिक कंपन्या आपल्या यादीतून वगळल्या. त्यांत कोल इंडिया होती, आणि वेकोलि ही तिचीच उपकंपनी. या निर्णयाने आपल्याकडचे शॉवेल आणि डंपर थांबले काय? कोल इंडियाचे उत्पादन २०१५-१६ मध्ये सुमारे ५४ कोटी टन होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे ७७ कोटी टन झाले. कोळशाला गिऱ्हाईक होते तोवर कोळसा निघत राहिला. येथे हेही सांगितले पाहिजे की नॉर्वेचा तो निधी नावाने पेन्शन निधी असला तरी तेलाच्या उत्पन्नातून उभा राहिला आहे. कोणा कामगाराच्या पगारातून नव्हे. त्याला परवडणारी चैन धनबादच्या निधीला परवडेलच असे नाही.

सुदानचा धडा

आता युद्धाचे उदाहरण घेऊ. सुदानमध्ये उत्तर आणि दक्षिण यांच्यातील यादवी १९८३ पासून पेटलेली होती. दक्षिणेकडील तेलक्षेत्रांत ग्रेटर नाईल ही संयुक्त कंपनी काम करी. तिच्यात चीनच्या सरकारी कंपनीचा ४० टक्के, मलेशियाच्या पेट्रोनासचा ३० टक्के, कॅनडाच्या टॅलिस्मान कंपनीचा २५ टक्के आणि सुदानच्या सरकारी कंपनीचा ५ टक्के वाटा होता. तेलाचा पैसा सरकारच्या युद्धाला जातो, तेलक्षेत्राभोवतालची माणसे हुसकावली जातात, असे आरोप होते. कॅनडा सरकारने पाठविलेल्या जॉन हार्कर यांच्या पथकाने जानेवारी २००० च्या अहवालात, तेलामुळे संघर्ष अधिक चिघळला आहे, असे म्हटले.

चर्चसंस्था, विद्यार्थी आणि काही पेन्शन निधी यांनी टॅलिस्मानवर दबाव आणला. तो निष्फळ नव्हता. कंपनीला आपल्या सामाजिक जबाबदारीविषयी वार्षिक अहवाल प्रसिद्ध करावा लागे आणि त्यात सुदानविषयी उत्तरे द्यावी लागत. भागधारकांच्या सभेत प्रश्न विचारले जात. पण मागणी थांबली नाही, आणि अखेर टॅलिस्मानने सुदान सोडला.

तिचा २५ टक्के वाटा कोणी घेतला? मार्च २००३ मध्ये तो सुमारे ७५ कोटी डॉलर देऊन घेतला आपल्या ओएनजीसी विदेशने. तेल वाहतच राहिले, सुदान सरकारला त्याचा पैसाही मिळत राहिला. बदलले एवढेच की ज्या भागीदाराला आपल्या देशात प्रश्न विचारले जात होते तो भागीदार गेला. त्याच वर्षी दार्फुरमध्ये नवा नरसंहार सुरू झाला, तेव्हा ग्रेटर नाईलमध्ये पाश्चात्य भागधारकांना जाब देणारी एकही कंपनी उरली नव्हती. ओएनजीसीने वाटा घेतला यात मी तिला दोष देत नाही. देशाला तेल हवे होते. माझा मुद्दा एवढाच की माघार घेणाऱ्यांना स्वतःचे समाधान मिळाले, सुदानच्या दक्षिणेतील शेतकऱ्याला काही मिळाले नाही.

दक्षिण आफ्रिकेचे काय?

विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट पुरावा दक्षिण आफ्रिकेचा. त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये आपल्या पेन्शन निधींनी दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांचे शेअर विकावेत असा कायदा केला. वर्णभेद पुढे संपला, आणि नेल्सन मंडेला यांनी बाहेरून आलेल्या आर्थिक दबावाचे ऋण उघडपणे मान्य केले. तेथील काळ्या जनतेच्या संघटना हा दबाव स्वतः मागत होत्या, ही गोष्टही लहान नाही.

परंतु 'आर्थिक दबाव' या एका शब्दात अनेक गोष्टी मिसळल्या आहेत. सर्वांत मोठा आघात झाला तो १९८५ मध्ये, जेव्हा चेस मॅनहॅटन बँकेने आणि पाठोपाठ इतर बँकांनी अल्प मुदतीची कर्जे पुढे चालू ठेवण्यास नकार दिला. रँड कोसळला आणि सप्टेंबरमध्ये सरकारला परदेशी कर्जफेड स्थगित करावी लागली. ही नव्या पैशाची नाकाबंदी होती. शेअर विक्रीचे तसे नाही. तेओ, वेल्च आणि वझान या अभ्यासकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, पेन्शन निधींच्या माघारीचा संबंधित कंपन्यांच्या बाजारमूल्यावर लक्षणीय परिणाम दिसत नाही, असा निष्कर्ष काढला.

कंपन्या निघून गेल्या तेथे कामगाराचे काय झाले, हेही पाहावे. जनरल मोटर्सने १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिका सोडण्याचे जाहीर केले तेव्हा पोर्ट एलिझाबेथच्या कारखान्यातील कामगार संपावर गेले. त्यांच्या मागण्यांत नुकसानभरपाई होती आणि पेन्शन निधीत भरलेला आपला पैसा परत मिळावा हीही मागणी होती. कारखाना स्थानिक व्यवस्थापनाच्या हाती गेला आणि चालू राहिला. दूरच्या राज्यातील पेन्शनची शुद्धी करताना जवळच्या कामगाराची पेन्शन टांगणीला लागते, ही विसंगती खाणगावातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही.

निर्णय कोणी घ्यावा?

यापुढचा प्रश्न अधिकाराचा आहे. परराष्ट्र धोरण ही संपूर्ण देशाची बाब आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्याने सुदानविरोधी कायदा केला. त्याविरुद्ध व्यापारी संघटनेबरोबर त्याच राज्यातील काही नगरपालिकांचे पेन्शन निधीही न्यायालयात गेले. फेब्रुवारी २००७ मध्ये संघीय न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला. त्यापूर्वी २००० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅसॅच्युसेट्स राज्याचा ब्रह्मदेशाशी व्यवहार करणाऱ्यांविरुद्धचा कायदा एकमताने फेटाळला होता. पुढे डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेसनेच सुदानबाबत राज्यांना तशी मुभा देणारा कायदा केला. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण किल्ली संसदेच्या हाती असावी, हे तत्त्व यातून स्पष्ट होते.

आपल्या देशाचे उदाहरण याहून चांगले आहे. तेथील भारतीयांवरील जाचक कायद्याच्या निषेधार्थ भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. जगातील अशा प्रकारचे हे पहिले पाऊल होते. त्याचा भार साऱ्या देशाने उचलला. एकट्या गिरणी कामगाराच्या किंवा खाण कामगाराच्या निवृत्तीच्या पुंजीवर तो टाकला नाही. निषेधाची किंमत द्यायचीच असेल तर ती सर्वांनी द्यावी.

ही किंमत काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर अमेरिकेतील अनेक राज्यांच्या पेन्शन निधींनी आणि नॉर्वेच्या निधीनेही रशियातील शेअर विकण्याची घोषणा केली. पण मॉस्कोचा बाजार परदेशी विक्रेत्यांना बंद झाला होता. नॉर्वेच्या निधीची २०२१ अखेर सुमारे २,७०० कोटी क्रोनर किमतीची ही गुंतवणूक जवळजवळ मातीमोल झाली. घोषणा झाली, विक्री झाली नाही, युद्धही थांबले नाही. नॉर्वेसारखा श्रीमंत देश असे नुकसान पचवितो. आपल्या कोळसा कामगारांच्या निधीचे पैसे दिवाण हाउसिंग फायनान्सच्या दिवाळखोरीत अडकले, तेव्हा खाणगावांत केवढी चिंता पसरली होती ते आठवावे.

मग काय करावे?

माघारीला विरोध म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. माझ्या मते चार गोष्टी करता येतात. पहिली : युद्ध करणाऱ्या सरकारला नवे कर्ज देऊ नये, त्याचे नवे रोखे घेऊ नयेत. दक्षिण आफ्रिकेत हेच परिणामकारक ठरले. दुसरी : शेअर हाती आहे तोवर मतही हाती आहे, निधीच्या व्यवस्थापकांनी ते मत वापरून कंपनीला लेखी जाब विचारावा आणि उत्तर सभासदांना कळवावे. तिसरी : निर्बंध घालायचे असतील तर ते संसदेने, सर्व देशासाठी, कायद्याने घालावेत. चौथी : धोका वाढल्यामुळे, केवळ पैशाच्या सुरक्षिततेसाठी विश्वस्तांनी शेअर विकले, तर त्यात गैर नाही, तो त्यांच्या राखणदारीचाच भाग आहे.

मला मान्य आहे की यांतील दुसरा उपाय आपल्याकडे आज कागदावरच आहे. निर्देशांकाच्या योजनेतून शेअर घेतला की मत योजनेच्या व्यवस्थापकाकडे जाते, कामगाराकडे येत नाही. आपला पैसा कोठे गुंतला आहे हे बहुतेक सभासदांना ठाऊकही नसते. तेव्हा आपण विद्यार्थ्यांनी मोर्चा काढायचाच असेल तर तो 'पैसा काढा' यासाठी नको, 'हिशेब दाखवा' यासाठी हवा. निधीच्या विश्वस्त मंडळावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी असतात; त्यांना हा प्रश्न घुग्घुसमध्येच विचारता येतो. परक्या देशातील माणसाविषयीची कणव खरी असेल, तर ती हिशेब मागण्याच्या या कंटाळवाण्या कामातही टिकली पाहिजे.